धर्मशाळेतील भुते
(सहलीस जाणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी एक पाठ)

दरवर्षी हिवाळी सहलीचे ठिकाण फळ्यावर लिहिले, की वर्गातून दोन प्रश्न हमखास येतात. पहिला जेवणाविषयी असतो. दुसरा अंमळ हळू आवाजात, बहुधा मागच्या बाकावरून येतो: “सर, आपण उतरणार त्या जागेत भूत आहे का हो?” वर्ग हसतो, परंतु हसणाऱ्यांपैकी कित्येकजण आमच्या उत्तराकडे कान लावून बसलेले असतात. नोकरीच्या आरंभी आम्ही ह्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ एवढ्या एका शब्दात देऊन मोकळे होत असू. तेवढे उत्तर पुरेसे नाही, हे एका रात्रीने आम्हांस शिकविले. त्या रात्रीची हकीकत पुढे सांगूच. तत्पूर्वी ह्या विषयाचा थोडा रीतसर अभ्यास करू.

वाटसरू आणि त्याचा निवारा

आपला शिरूर-दौंडाचा मुलूख हा वाटसरूंचा मुलूख होय. शिरूर हे पुण्याहून अहिल्यानगरास, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगरास, जाणाऱ्या हमरस्त्यावर घोडनदीच्या काठी वसले आहे. कित्येक लोक त्यास नदीच्याच नावाने ‘घोडनदी’ म्हणतात. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी तेथे इंग्रजी फौजेची छावणी होती. कोरेगाव येथे लढलेली कॅप्टन स्टाँटन ह्याची तुकडी ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री येथूनच निघाली होती. दौंड हे भीमेच्या काठचे. १८७८ साली दौंड-मनमाड लोहमार्ग सुरू झाल्यापासून गाडी बदलण्यासाठी तेथे रात्री-अपरात्री खोळंबणाऱ्या उतारूंची कधी वाण पडलेली नाही.

वाटसरू आला की निवारा आलाच. कोणी देवळाच्या ओवरीत पथारी टाकी, कोणी चावडीत, कोणी धर्मशाळेत. १७६७ ते १७९५ पर्यंत राज्यकारभार पाहणाऱ्या अहिल्याबाई होळकर ह्यांनी हिंदुस्थानभर घाट, विहिरी आणि धर्मशाळा बांधविल्या, हे आपण इतिहासात शिकलोच आहोत. पुढे इंग्रजी अमलात मोठ्या रस्त्यांवर अंतराअंतराने डाक बंगले उभे राहिले. तेथे एक खानसामा असे, आणि येणाऱ्या साहेबाची उतरण्या-जेवण्याची सोय तो करी.

आता असे पाहा. आपल्या घरात रात्री दार करकरले, तर आपण ‘वाऱ्याने वाजले’ असे म्हणून कूस बदलतो. तेच दार परक्या गावी करकरले, तर आपण उठून बसतो. प्रवासी दमलेला असतो. जागा अनोळखी, अंथरूण परके, अंधार दाट. त्यातून, आपल्या पूर्वी ह्याच खोलीत कोण निजले, कोण आजारी पडले, कोण मेले, हे त्यास ठाऊक नसते. आणि जे ठाऊक नसते ते मन आपल्या पदरचे घालून भरून काढते. त्यात रखवालदाराने निजण्यापूर्वी एखादी गोष्ट सांगितली, म्हणजे पुरते झाले. सबब, स्वतःच्या घरापेक्षा धर्मशाळेत भुते अधिक दिसावीत ह्यात नवल नाही.

ही भुते कधी खोली ओस पाडतात, तर कधी भरूनही टाकतात. मसुरी येथील सॅव्हॉय हॉटेलात १९११ साली फ्रान्सेस गार्नेट-ऑर्म नावाची एक इंग्रज स्त्री विषाने मृत्यू पावली. तिचा आत्मा त्या इमारतीत फिरतो अशी कथा पसरली. आणि भिऊन दूर राहण्याऐवजी कित्येक प्रवासी त्या कथेच्याच ओढीने तेथे जातात.

भुतांची नामावली

आपल्या मराठी मुलखात नुसते ‘भूत’ म्हणून भागत नाही. मुंज झालेला मुलगा लग्नापूर्वी वारला, तर तो मुंजा होऊन पिंपळावर राहतो, असे म्हणत. बाळंतपणात दगावलेली स्त्री हडळ होते; धनावर वासना ठेवून मेलेला समंध होतो; बुडून मेलेला गिऱ्हा पाण्याकाठी माणसास ओढतो; चकवा वाटसरूची वाट चुकवितो; आणि ह्या साऱ्यांचा राजा तो वेताळ. ही माहिती पुस्तकांत कोणी आणली, हे ऐकून तुम्हांस मौज वाटेल. नाशिकचे कलेक्टर जॅक्सन ह्यांनी लोकसमजुतींची माहिती जमविण्यास आरंभ केला, ती पुष्कळशी गावोगावच्या शाळामास्तरांकडून आली, आणि जॅक्सन ह्यांच्या मृत्यूनंतर एन्थोवेन ह्यांनी ती १९१४ व १९१५ साली प्रसिद्ध केली. म्हणजे भुतांची ही खानेसुमारी आमच्याच व्यवसायबंधूंनी केलेली आहे!

परंतु ही यादी पुन्हा एकदा सावकाश वाचा. लग्नाआधी गेलेला मुलगा, बाळंतपणात गेलेली आई, पाण्यात बुडालेला तरुण. ज्या मरणांचे दुःख घरास आवरले नाही, तीच मरणे येथे नावे घेऊन उभी आहेत. म्हणून भुताची गोष्ट सांगणाऱ्या आजीची आम्ही थट्टा करीत नाही. तिच्या गोष्टीच्या तळाशी बहुधा कोणाचे तरी खरे रडणे असते.

तीन जुन्या कथा

पहिली कथा शिरूरचीच. कर्नल वॉलेस नावाचा सेनाधिकारी १८०९ साली तेथे वारला व तेथेच पुरला गेला. १८८५ च्या पुणे जिल्ह्याच्या गॅझेटियरात नोंद आहे, की शिरूर व आसपासच्या खेड्यांतील बहुतेक हिंदू लोक त्या थडग्यास ‘सतपुरुष’ म्हणून भजत, नवस बोलत, आणि सुगीच्या वेळी नव्या धान्याचा नैवेद्य दाखवीत. मेलेल्या माणसाचा आत्मा त्याच्या जागी राहतो ही समजूत तीच. परंतु येथे भय नाही, कृतज्ञता आहे. परक्या देशातून आलेल्या मनुष्यास लोकांनी ‘सतपुरुष’ म्हणावे, एवढ्यावरून त्याची आठवण त्यांनी कोणत्या भावाने जतन केली हे उघड होते. भुताच्या गोष्टी नेहमी दुष्टपणाच्याच असतात असे नाही, हे ह्यावरून ध्यानी घ्यावे.

दुसरी कथा पुण्याजवळील दापोडीची. मुंबई इलाख्याचे गव्हर्नर सर रॉबर्ट ग्रँट हे १८३८ साली तेथील सरकारी बंगल्यात निवर्तले. मुंबईचे ग्रँट मेडिकल कॉलेज ज्यांच्या नावाने १८४५ साली सुरू झाले तेच हे गृहस्थ; इंग्रजी उपासनेत आजही गाइली जाणारी काही भक्तिगीते त्यांनी रचली आहेत. सर थॉमस गॉर्डन ह्या सेनाधिकाऱ्याने १९०६ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या आठवणींत असे सांगितले आहे, की गव्हर्नरसाहेब वारले त्या सायंकाळी एक मांजर बंगल्याच्या पुढील दाराने बाहेर पडली, आणि ज्या वाटेवर साहेब सूर्यास्तानंतर फेऱ्या घालीत, त्याच वाटेवर ती येरझारा घालू लागली. पहाऱ्यावरील हिंदू शिपायाने हे पाहिले, आणि साहेबांचा आत्मा मांजरीत गेला असा तर्क निघाला. मात्र कोणती मांजर ती, हे पुढे ओळखता येईना. तेव्हा अंधार पडल्यावर पुढील दाराने जी कोणती मांजर बाहेर पडेल तिला सलामी द्यावी, असे ठरले. आणि एक पहारा बदलून दुसरा आला की हा तोंडी हुकूम त्यास सांगितला जाई. असे तब्बल पंचवीस वर्षे चालले!

ह्या गोष्टीला हसू येते, आणि यावेच. परंतु तिच्यातील धडा महत्त्वाचा आहे. पहिल्या शिपायाने निदान एक मांजर पाहिली होती. त्याच्या मागून आलेल्यांनी काहीच पाहिले नव्हते. त्यांनी फक्त ऐकले होते, आणि ऐकलेले अधिक निष्ठेने पाळले. भुताच्या दहा गोष्टी ऐकाल, तर त्यांपैकी नऊ ‘मला अमक्याने सांगितले’ अशा निघतील.

तिसरी कथा एका डाक बंगल्याची. मुंबईत १८६५ साली जन्मलेल्या रडयर्ड किपलिंग ह्या इंग्रज लेखकाने ती १८८८ साली लिहिली. ती गोष्टच आहे, इतिहास नव्हे. पण शोध कसा करावा हे ती फार चांगले शिकविते. तीतील प्रवासी एका पडक्या डाक बंगल्यात उतरतो. रात्री शेजारच्या खोलीतून बिलियर्ड खेळल्याचा आवाज येऊ लागतो. ती खोली तर इतकी लहान, की तीत बिलियर्डचे टेबल मावणारच नाही! सकाळी म्हातारा खानसामा सांगतो, की लोहमार्ग बांधला जात होता तेव्हा ह्या खोल्या मिळून एकच दालन होते, त्यात टेबल होते, आणि एक लठ्ठ साहेब खेळता खेळता तेथेच मेला. प्रवाशास खात्री पटते. इतक्यात तोच आवाज दिवसाउजेडी येतो. तो शेजारच्या खोलीत जाऊन पाहतो, तो छताच्या कापडावर एक उंदीर धावत आहे, आणि वाऱ्याने हलणाऱ्या खिडकीची तावदानचौकट खटखट वाजत आहे. शोध थोडा आधी थांबविला असता, तर आपल्यापाशी एक उत्तम भूतकथा उरली असती, अशी हळहळ तो प्रवासी शेवटी व्यक्त करतो. जगातील पुष्कळ भूतकथा अशा, शोध वेळेआधी थांबविल्यामुळेच उरलेल्या आहेत.

आवाज, सावल्या आणि झोप

आता शास्त्र काय सांगते ते थोडक्यात पाहू. दिवसा तापलेले पत्रे आणि वासे रात्री थंड होऊन आकसतात व कडकड वाजतात. छपरावर कोणी चालल्याचा भास होतो. पडक्या इमारतींत गव्हाणी घुबड राहते. त्याचे तोंड पांढुरके, उडणे अगदी निःशब्द, आणि ओरडणे असे कर्कश, की अंधारात ते अवचित डोक्यावरून गेले तर धीराचा मनुष्यही दचकावा.

झोपेतही एक चमत्कार घडतो. स्वप्ने पडतात त्या वेळी शरीराचे स्नायू निसर्गतःच शिथिल झालेले असतात. कधीकधी मन जागे होते, पण स्नायू जागे व्हावयाचे राहतात. मनुष्यास हातपाय हलविता येत नाहीत, ओरडता येत नाही, छातीवर कोणी बसले आहे असे वाटते, आणि खोलीत कोणीतरी उभे असल्याचा भास होतो. उताणे निजणाऱ्यास व झोप अपुरी झालेल्यास हे अधिक घडते. थोड्या वेळात ते आपोआप सरते, आणि त्यापासून अपाय होत नाही.

परंतु एक कारण असे आहे, की ज्यापासून अपाय तर होतोच, प्राणही जातो. १९२१ साली डॉ. विल्मर ह्यांनी अमेरिकेतील नेत्रवैद्यकाच्या एका नियतकालिकात एका कुटुंबाची हकीकत छापली. ते कुटुंब एका जुन्या घरात राहावयास गेले. लवकरच सर्वांची डोकी दुखू लागली, मुले फिकट पडली, कुंड्यांतील झाडे मरू लागली. रात्री पावले वाजत, अनोळखी आकृती दिसत. घर झपाटलेले आहे असेच त्यांना वाटले. तपासाअंती, घर ऊबदार ठेवण्याच्या भट्टीत बिघाड होऊन तिचा विषारी वायू खोल्यांत पसरत असल्याचे आढळले. भट्टी दुरुस्त झाली, आणि भुते गेली. ह्या वायूस कार्बन मोनॉक्साइड म्हणतात. त्यास रंग नाही, वास नाही. आणि रक्तातील हिमोग्लोबिनास तो प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. कोंदट जागी कोळसा जळला की हा वायू साचतो. हे वाक्य लक्षात ठेवून पुढील हकीकत वाचा.

एक रात्र

सुमारे वीस वर्षांपूर्वीची गोष्ट. आम्ही नुकतेच शिक्षक झालो होतो. डिसेंबरात मुलांची सहल घेऊन शिरूरहून दौंडाकडे जात असता गाडी बिघडली, आणि वाटेवरील एका गावच्या जुन्या धर्मशाळेत रात्र काढणे भाग पडले. भारनियमनामुळे गावात वीज नव्हती. रखवालदार म्हातारा व मायाळू होता. त्याने पाणी आणून दिले, ओटा झाडून दिला, आणि आम्हांस एका बाजूस नेऊन म्हटले, “मास्तर, त्या कोपऱ्यातल्या खोलीत तेवढं पोरान्ला निजवू नगा. तिथं मानसाच्या छातीवर कुनीतरी येऊन बसतं. मागं एकजन सकाळी उठलाच न्हाई.”

आम्ही हसलो. मुलांच्या देखतच म्हटले, “बाबा, भुतेबिते काही नसतात.” दोन मोठ्या मुलांनी लगेच त्याच खोलीचा हट्ट धरला, आणि आमच्या शिकवणीचे हे फळ पाहून मोठ्या अभिमानाने आम्ही परवानगी दिली. थंडी कडाक्याची होती. म्हाताऱ्याने मुलांची कीव येऊन लोणारी कोळशाची पेटती शेगडी आत नेऊन ठेविली. ती आत जाताना आम्ही पाहिली, आणि मुलांना ऊब मिळेल म्हणून समाधान मानले. मुलांनी खिडकी लावून घेतली, दाराखालच्या फटीत तरट कोंबले, आणि ती निजली.

मध्यरात्रीनंतर कण्हण्याच्या आवाजाने आम्हांस जाग आली. बॅटरी घेऊन आम्ही त्या दारापाशी गेलो. म्हातारा पायरीवर उभा होता. तो हलकेच म्हणाला, “म्या सांगितलं व्हतं, मास्तर.” आणि काय सांगावे! भुते नसतात असे चार तासांपूर्वी ठणकावून सांगणारे आम्ही, हात दाराच्या कडीवर ठेवून, उंबरठ्यावर थिजून उभे राहिलो. अंगावर काटा उभा राहिला. पाय पुढे टाकवेना. एक मिनिट गेले असेल, कदाचित अधिक. मग आतील कण्हणे थांबले.

त्या शांततेने आम्हांस शुद्धीवर आणले. दार जोराने लोटले. एक मुलगा दाराकडे सरपटत येता येता पडला होता. दुसरा हाकेस ओ देत नव्हता. दोघांना ओढून उघड्या ओट्यावर आणले. थंड वारा लागताच पहिल्याने डोळे उघडले. दुसऱ्यास शुद्धीवर येण्यास बराच वेळ लागला. गावातील एका जीपने त्यांना रुग्णालयात नेले. डॉक्टरांनी एकच प्रश्न विचारला, “खोलीत शेगडी होती का?” मग त्यांनी प्राणवायूची नळी लावली. दोन्ही मुले वाचली. त्यांपैकी एकाने नंतर आम्हांस सांगितले, “सर, माझ्या छातीवर खरेच कोणीतरी बसले होते.”

दुसऱ्या दिवशी आम्ही ती खोली पाहावयास गेलो. तीत एकही झरोका नव्हता. एका कोपऱ्यात जुन्या काजळीचा काळा थर होता. म्हणजे पूर्वीच्या वाटसरूंनीही तेथेच निखारे ठेविले होते. आम्ही म्हाताऱ्यास विचारले, “बाबा, उन्हाळ्यातही येथे छातीवर कोणी बसते का?” तो बराच वेळ विचार करीत राहिला, आणि म्हणाला, “न्हाई. उन्हाळ्यात कंदी आइकलं न्हाई. सारं थंडीतच.”

भीतीचे मोल

विद्यार्थिमित्रहो, ह्या हकीकतीत चूक कोणाची? म्हाताऱ्याने जे पाहिले ते खरे पाहिले होते. त्या खोलीत माणसाचा श्वास कोंडतो, आणि एकजण तेथे मेला, ह्या त्याच्या साक्षीत खोटे काहीच नव्हते; त्याने कारणास नाव तेवढे चुकीचे दिले होते. आम्ही नाव खोटे म्हणून साक्षही टाकून दिली. ‘बाबा, केव्हा घडले? किती वेळा? त्या वेळी खोलीत काय होते?’ एवढे तीन प्रश्न सायंकाळीच विचारले असते, तर शेगडी बाहेर राहिली असती. सारांश, भुतावर विश्वास ठेवणारा शोध करीत नाही, आणि भुतास नुसता हसणाराही शोध करीत नाही. दोघांचाही आळस सारखाच. आणि उंबरठ्यावर गेलेले ते मिनिट? ते आम्ही आजही विसरलो नाही. जी भीती तोंडाने नाकारिली पण मनाने तपासली नाही, ती नेमकी संकटाच्या वेळी परत येते.

पालकांसही येथे एक विनंती. मूल रात्री दचकते, बरळते, त्यास झटके येतात, तेव्हा ‘बाहेरचे’ झाले असे म्हणून वेळ दवडू नये. भूत उतरविण्याच्या नावाखाली माणसास बांधणे, मारणे, चटके देणे, अथवा साप, विंचू वा कुत्रा चावल्यावर औषधोपचार घेऊ न देणे हे महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा ठरले आहे. ह्या कायद्यासाठी वर्षानुवर्षे झटणारे डॉ. नरेंद्र दाभोलकर ह्यांचा २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात खून झाला. त्याच वर्षाच्या डिसेंबरात विधिमंडळाने तो संमत केला. आणि थंडीच्या दिवसांत पेटती शेगडी घेऊन बंद खोलीत कोणी निजू नये. कोणी गुदमरलेला आढळल्यास आधी दारेखिडक्या उघडाव्यात, त्यास मोकळ्या हवेत आणावे, आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

शुभवर्तमानातील एक प्रसंग आपण प्रार्थनेच्या तासास ऐकला आहे. रात्री वादळी सरोवरावर कोणी चालत येताना पाहून शिष्य ‘भूत, भूत’ म्हणून ओरडले. प्रभूने त्यांस हसून हिणविले नाही. तो बोलला, म्हणजे त्यांनी आवाज ओळखावा. भ्यालेल्या माणसाशी कसे वागावे, ह्याचा ह्याहून चांगला धडा आम्हांस ठाऊक नाही.

त्या धर्मशाळेच्या कोपऱ्यातील खोलीस पुढे गावकऱ्यांनी दोन झरोके पाडले. काही वर्षांनी आम्ही त्या वाटेने गेलो, तेव्हा त्या खोलीत एक कुटुंब उतरले होते, आणि मुले दारात खेळत होती. म्हातारा ओट्यावर बसला होता. आम्हांस ओळखून तो म्हणाला, “मास्तर, आता तिथं कुनी बसत न्हाई.”

विचार करण्याजोगे प्रश्न

१. दापोडीच्या पहिल्या शिपायाने प्रत्यक्ष काय पाहिले, आणि त्यावरून कोणता तर्क बांधला? दोहोंतील भेद लिहा.
२. ‘सारं थंडीतच’ ह्या रखवालदाराच्या उत्तराने कोणते कारण सूचित होते, व का?
३. आपल्या आजी-आजोबांकडून एक भुताची गोष्ट ऐका. कोणी पाहिले, केव्हा पाहिले, व त्या वेळी जवळपास काय होते, हे नम्रतेने विचारून लिहून आणा.
४. त्या गोष्टीच्या तळाशी कोणाचे दुःख आहे काय, ह्याचाही विचार करा.